अक्षरांमागील अंक

कोड्यांचे दोन वर्ग आम्ही मानतो. पहिल्या वर्गातील कोड्यांचे उत्तर ज्यास ठाऊक असेल त्यास येते, नसेल त्यास डोके खाजवूनही येत नाही. उखाणे, नद्यांची नावे, शब्दकोडी ही सर्व या वर्गातील होत. दुसऱ्या वर्गातील कोड्यांत उत्तर आधी कोणासच ठाऊक नसते. परंतु ते कोड्याच्या पोटातच दडलेले असते आणि एकेक पायरी उतरत गेले म्हणजे हाती लागते. येथे विद्वानास सवलत नाही आणि अडाण्यास मज्जाव नाही. या दुसऱ्या वर्गातील एका प्रकाराविषयी आज चार शब्द लिहावयाचे योजिले आहे.

प्रकार असा. एक साधी बेरीज घ्यावयाची आणि तिच्यातील प्रत्येक अंकाच्या जागी एकेक अक्षर लिहावयाचे. अक्षरांचे मिळून अर्थपूर्ण शब्द व्हावेत. सोडविणाऱ्याने अक्षरे दूर सारून मूळ अंक शोधून काढावयाचे. नियम तीन. एका अक्षरास जो अंक एकदा दिला तोच अखेरपर्यंत. दोन भिन्न अक्षरांस एकच अंक नाही. आणि संख्येच्या आरंभीच्या अक्षरास शून्य नाही. चौथा नियम रचणाऱ्यासाठी आहे. उत्तर एकच निघाले पाहिजे. ज्या कोड्यास दोन उत्तरे निघतात ते कोडे सदोष समजावे. या चौथ्या नियमाचे महत्त्व पुढे येणार आहे, म्हणून वाचकांनी तो ध्यानात ठेवावा.

हा खेळ तसा जुना आहे. इ. स. १८६४ मध्ये अमेरिकेतील एका शेतीविषयक मासिकात तो आढळतो. 'स्फिंक्स' नावाच्या बेल्जियममधील मासिकात मे १९३१ मध्ये 'मिनॉस' या टोपणनावाच्या लेखकाने त्यास 'क्रिप्ट-अरिथमेटिक', म्हणजे गुप्त अंकगणित, असे नाव दिले. पुढे १९५५ मध्ये हंटर नावाच्या कोडेकाराने, ज्यात अर्थपूर्ण शब्द असतात अशा कोड्यांस 'अल्फामेटिक' हे नाव घातले. परंतु या सर्वांत ज्याची कीर्ती अद्याप मावळली नाही असे एक कोडे हेन्री ड्यूडनी या इंग्रज गृहस्थांचे. ते लंडनच्या 'स्ट्रँड' मासिकाच्या जुलै १९२४ च्या अंकात प्रसिद्ध झाले. शेरलॉक होम्सच्या कथा ज्यात येत तेच हे मासिक. ड्यूडनी १८५७ साली जन्मले आणि १९३० साली वारले. वयाच्या तेराव्या वर्षापासून सरकारी कचेरीत कारकुनी पत्करलेल्या या मनुष्यास महाविद्यालयाची पायरी चढावयास मिळाली नव्हती. गणित त्यांनी स्वतःच्या हौसेने संपादिले होते.

त्यांचे कोडे तीन इंग्रजी शब्दांचे आहे. 'सेंड' अधिक 'मोअर' बरोबर 'मनी'. अर्थात 'आणखी पैसे पाठवा'. परगावी शिकणाऱ्या मुलाने वडिलांस असा मजकूर धाडावा हे आमच्याकडेही नवलाचे नाही. अक्षरे मांडली तर पहिली ओळ एस, ई, एन, डी; दुसरी एम, ओ, आर, ई; आणि बेरजेची ओळ एम, ओ, एन, ई, वाय.

आता पाहा. चार अंकी दोन संख्यांची बेरीज वीस हजारांच्या आतच राहते. तेव्हा बेरजेच्या आरंभीचा एम हा १ असलाच पाहिजे. हजारांच्या घरात एस अधिक १ आणि असल्यास खालचा हातचा, मिळून दहा किंवा अकरा होणार. अकरा झाले तर ओ हाही १ ठरेल, आणि १ तर एमने आधीच घेतला. म्हणून ओ हे शून्य. मग एस ९ असेल, किंवा हातचा आला असल्यास ८. पण शतकाच्या घरात ई अधिक शून्य यातून हातचा निघावयाचा तर ई ९ असून खालून एक यावा लागेल. तसे झाले की एन शून्य होतो, आणि शून्य ओकडे आहे. तेव्हा हातचा नाही, एस ९. शतकाच्या घरात ई आणि एन ही भिन्न अक्षरे आहेत, म्हणजे खालून एक हातचा आलेला आहे आणि एन हा ईपेक्षा एकाने मोठा. दहंच्या घरात हाच हिशेब लाविला की आर आणि एकंचा हातचा मिळून ९ होतात. ९ तर एसकडे गेले, म्हणून आर ८ आणि हातचा १. राहिले २ पासून ७ पर्यंतचे अंक. एकंच्या घरात डी अधिक ई यांची बेरीज दहाच्या वर गेली पाहिजे आणि वायला शून्य वा एक मिळणार नाही. म्हणजे ती बारा किंवा तेरा. ई ७ मानला तर एन ८ होतो, तो आरकडे. ई ६ मानला तर एन ७ आणि डीही ७. म्हणून ई ५, डी ७, एन ६, वाय २. उत्तर, ९५६७ अधिक १०८५ बरोबर १०६५२. एकाही पायरीवर आपण अंदाजाने पाऊल टाकिले नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच.

आम्ही आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकविले, आणि गणिताचे मास्तर रजेवर असले म्हणजे त्यांचा तासही आमच्याच वाट्यास येई. वरील कोडे आम्ही फळ्यावर कितीतरी वेळा मांडले असेल. त्यात आम्हांस जो आनंद होई तो गणितापेक्षा न्यायशास्त्राचा होता. संभाव्य पर्याय मांडावयाचे, एकेक निषेधून टाकावयाचा आणि जो उरेल तो स्वीकारावयाचा, यास आमचे नैयायिक परिशेष म्हणतात. 'ई सात मानू' असे क्षणभर गृहीत धरून त्यातून अनिष्ट प्रसंग निघतो असे दाखविणे, हा त्यांचा तर्क. जी गोष्ट ग्रंथांत वाचताना मुलांस कंटाळवाणी वाटे, ती खडूच्या चार ओळींत त्यांच्या गळी उतरे. वर्गात काही मुले अशी असत की ज्यांस उत्तर झटकन सुचे, परंतु 'कशावरून?' असे विचारले की ती गप्प. आणि मागल्या बाकावरील एखादा मुलगा, ज्यास पाढेसुद्धा धड येत नसत, तो उठून म्हणे, 'गुरुजी, एम एकच असणार. दुसरे काही होताच येत नाही.' त्या 'होताच येत नाही' या शब्दांसाठी आम्ही तो तास घेत असू.

अक्षरात अंक लपविण्याची कला आपल्या पूर्वजांस परकी नव्हती. मात्र त्यांचा हेतू वेगळा होता. इ. स. ४९९ मध्ये आर्यभटांनी अक्षरांनी संख्या लिहिण्याची एक पद्धती योजिली. केरळातील ज्योतिर्गणितज्ञांनी कटपयादी पद्धती विशेष वापरली. तीत क, ट, प, य या चार अक्षरांपासून प्रत्येकी एकापासून मोजावयास आरंभ करावयाचा; न आणि ञ म्हणजे शून्य; आणि संख्या उजवीकडून डावीकडे वाचावयाची. या रीतीने ज म्हणजे ८, य म्हणजे १, आणि 'जय' म्हणजे १८. महाभारताचे जुने नाव 'जय' आणि त्याची पर्वे अठरा, हा योग अभ्यासकांनी पुष्कळदा नमूद केला आहे. कर्नाटक संगीतातील बाहात्तर मेळांची नावेही अशीच बांधलेली आहेत. 'धीरशंकराभरण' यातील धी म्हणजे ९ आणि र म्हणजे २. तो मेळ एकोणतिसावा. येथे एका अंकास अनेक अक्षरे मोकळी असतात, म्हणून पाहिजे तो अंक सुंदर शब्दात गुंफून पाठ करता येतो. आमच्या कोड्यात याच्या उलट आहे. तेथे अंक लक्षात ठेवण्यासाठी अक्षर, येथे अंक शोधून काढण्यासाठी अक्षर.

भास्कराचार्यांच्या बीजगणितातही अज्ञात राशींस या, का, नी, पी अशी अक्षरे दिलेली आढळतात. यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक या शब्दांची ती आद्याक्षरे. काळा, निळा, पिवळा हे रंग होत, आणि संस्कृतात रंगासही वर्ण म्हणतात व अक्षरासही वर्णच म्हणतात. तथापि बीजगणितातील अक्षरामागे सबंध संख्या उभी असते, आमच्या कोड्यातील अक्षरामागे एकच अंक असतो आणि त्याचे मोल तो कोणत्या घरात बसला आहे त्यावर ठरते. एकं-दहंचे ज्ञान ज्यास पक्के, त्यास हा खेळ साध्य.

आता मराठीत अशी कोडी का आढळत नाहीत? आमच्या मते अडचण काना-मात्रांची आहे. इंग्रजीत सव्वीस सुटी अक्षरे. आपल्याकडे क, का, कि, की यांस एक मानावयाचे की चार? आम्ही घरापुरता निर्णय असा केला की, लिहिताना जे एका उच्चारात येते ते एक अक्षर, काना-मात्रेसह, जोडाक्षरासह. चा वेगळा, च वेगळा. इतके ठरविले की मार्ग मोकळा होतो. तरीही सर्वच शब्द वश होत नाहीत. 'वर' अधिक 'वर' बरोबर 'सरस' असे एक कोडे आमच्या नातीने मोठ्या उत्साहाने रचिले. दोन अंकी दोन संख्यांची बेरीज दोनशेच्या आत, म्हणून आरंभीचा स हा १. मग शेवटचा स हाही १. परंतु एकाच संख्येची दुप्पट विषम कशी व्हावी? कोडे जन्मतःच मृत. पोर हिरमुसली खरी, पण तिला आपल्या कोड्याचा दोष स्वतःच सिद्ध करता आला याचे आम्हांस कौतुक वाटले.

येथवर आम्ही खेळाविषयी लिहिले. तो आमच्या घरात रुजला त्याचे कारण मात्र खेळाचे नव्हते.

आमचे वडील बंधू, ज्यांस लहानथोर सर्व अण्णा म्हणतात, यांची हयात हिशेबतपासणीत गेली. रकान्यावरून बोट फिरवीत खाली येईपर्यंत त्यांची बेरीज तोंडी झालेली असे. त्यांस काचबिंदूने गाठले. या रोगात गेलेली दृष्टी परत येत नाही. उपचाराने उरलेली तेवढी राखता येते, आणि अण्णांचा रोग ध्यानात आला तेव्हा राखण्याजोगे फारसे उरले नव्हते. दोन वर्षांत त्यांस अक्षर दिसेनासे झाले. घरात कोणी त्यांची हेळसांड केली असे नाही. वेळेवर ताट, हाताशी काठी, सकाळी कोणीतरी वर्तमानपत्र वाचून दाखवी. परंतु पूर्वी विम्याचा हप्ता असो की मुंजीचा खर्च, अण्णांस विचारल्यावाचून घरात पान हालत नसे; ते विचारणे हळूहळू बंद पडले. मुद्दाम कोणी केले नाही, आपोआप झाले. मग अण्णांनी बोलणेच कमी केले. 'आता मी घरातला एक खांब. आहे म्हणून छप्पर आहे, पण खांबाशी कोण बोलतो?' असे ते एकदा वहिनींस म्हणाल्याचे आमच्या कानी आले, आणि त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीनंतर त्यांच्या शेजारी बसून आम्ही ड्यूडनींचे कोडे तोंडी सांगितले. कागदाची गरज नाही, इतक्या थोड्या अक्षरांचे ते आहे. त्यांनी ते दोनदा म्हणवून घेतले, आणि मग बराच वेळ त्यांची बोटे मांडीवर हालत राहिली. जेवणाचे पान मांडले तेव्हा ते म्हणाले, 'दहा हजार सहाशे बावन्न. आणि हे पहा, ओला शून्य मिळाले तेव्हाच अर्धे काम झाले होते.' त्या दिवसापासून रोज एक कोडे, असा परिपाठ पडला. पुढे सूनबाई आणि मुलेही येऊन बसू लागली.

गेल्या गणेशोत्सवात आमच्या वसाहतीतील मंडळींनी कोड्यांची स्पर्धा ठरविली, आणि कोडे रचण्याचे काम धाकट्या सूनबाईंकडे आले. त्यांनी निव्वळ मराठी कोडे रचिले, आणि ते इतके देखणे होते की आम्ही थक्क झालो. 'एक' अधिक 'एक' बरोबर 'दोन'. 'दोन' अधिक 'दोन' बरोबर 'चार'. 'एक' अधिक 'चार' बरोबर 'पाच'. शब्द म्हणून वाचावे तरी खरे, आणि अक्षरांमागील अंक काढावे तरी खरे. उत्तर त्यांनी काढून ठेविले होते. एक म्हणजे १८, दोन ३६, चार ७२, पाच ९०. ए, क, दो, न, चा, र, पा, च अशी आठ अक्षरे, आठांस आठ निराळे अंक. दुसऱ्या दिवशी ते फलकावर लागावयाचे होते.

रात्री जेवताना त्यांनी ते अण्णांस ऐकविले. अण्णा भाताचा घास हातात धरून थांबले. मग म्हणाले, 'सूनबाई, चौदाही चालतात.'

कोणासच उमगले नाही. तेव्हा त्यांनी सांगितले. 'तुमचा दोन हा एकाच्या दुप्पट, चार हा चौपट, पाच हा पाचपट. म्हणजे मला पाढेच म्हणावयाचे. पाच दोन अंकी आहे, तेव्हा एक हा विसाच्या आतला. दहा घेतले तर क आणि न दोघेही शून्य. अकरात ए आणि क सारखे. बारा दुणे चोवीस, क आणि दो दोघांस दोन. तेरा दुणे सव्वीस, तेरा चोक बावन्न, तेथे दो आणि र भांडतात. पंधरा दुणे तीस, पंधरा चोक साठ, दोन शून्ये. सोळा चोक चौसष्ट, क आणि चा दोघांस सहा. सतरा चोक अडुसष्ट, सतरा पंचे पंच्याऐंशी, र आणि पा दोघांस आठ. एकोणीस पंचे पंच्याण्णव, क आणि पा दोघांस नऊ. राहिले तुमचे अठरा. आणि राहिले चौदा. चौदा, अठ्ठावीस, छप्पन्न, सत्तर. आठही अंक निराळे. बक्षीस एक आणि बरोबर उत्तरे दोन, उद्या मांडवात तंटा लागेल.'

सूनबाईंचा चेहरा उतरला. फलकाची वेळ सकाळची. नवे कोडे कोठून आणावे? अण्णा म्हणाले, 'टाकून कशाला देता? आणखी एक शब्द घाला. नऊ.' आणि घास तसाच धरून ते पुन्हा विचारात गढले. काही वेळाने त्यांनी पुरवणी सांगितली. 'नऊ ही वर्गसंख्या आहे, एवढे एक वाक्य जोडा. चौदांच्या उत्तरात न म्हणजे आठ. आठांनी आरंभ होणारा वर्ग एकच, एक्याऐंशी. पण त्यातला एक हा अंक ए घेऊन बसला आहे. अठरांच्या उत्तरात न म्हणजे सहा. चौसष्ट हा वर्ग. आणि चार हा अंक अजून कोणी घेतलेला नाही. चौदा गेले, अठरा उरले.'

आम्ही पानावरून उठून कागदावर ताळा पाहिला. तंतोतंत. आणि सौंदर्य असे की, जोडलेले वाक्यही शब्दार्थाने खरे. नऊ ही तीनांची वर्गसंख्या आहेच. कोडे सकाळी फलकावर लागले. त्याखाली सूनबाईंनी रचणाऱ्यांची नावे दोन लिहिली, आणि अण्णांचे नाव वर घातले. तेव्हापासून घरातला विजेचा आकार असो की मुलांच्या शुल्काचा हप्ता, सूनबाई अण्णांस विचारतात. प्रारंभी त्या सौजन्याने विचारीत असतील. हल्ली गरजेने विचारतात, हे आम्ही पाहिले आहे. अण्णांस हा भेद आमच्याआधी कळला असावा.

आमच्या नातवाचा एक आक्षेप मात्र नोंदविला पाहिजे. तो संगणकाचा विद्यार्थी. त्याचे म्हणणे, ड्यूडनींच्या कोड्यातील आठ अक्षरांस दहा अंकांतून आठ अंक देण्याचे १८,१४,४०० प्रकार होतात. यंत्र ते सर्व निमिषात तपासून उत्तर पुढे ठेविते. मग माणसाने तासभर डोके का शिणवावे? तो लबाडी करीत नाही. त्याने यंत्रास सूनबाईंचे पहिले कोडे घातले तेव्हा यंत्रानेही चौदा आणि अठरा ही दोन्ही उत्तरे दाखविली. त्याने असेही सांगितले की, दहाच अंक आहेत तोवर हे सोपे. अंकांची संख्या मनमानी वाढू दिली तर अशा कोड्यांस सर्वत्र लागू पडेल अशी जलद रीत यंत्रासही ठाऊक नाही, आणि त्यांची गणना अतिशय कठीण प्रश्नांत होते हे १९८७ मध्ये सिद्ध झाले आहे. हे ऐकून आम्हांस ज्ञान झाले आणि यंत्राविषयी आदरही वाटला. तरी प्रश्न उत्तराचा नव्हता. उत्तर ९५६७ आले काय आणि ९५६८ आले काय, त्याने कोणाची चूल पेटणार आहे? अण्णांस जे पाहिजे होते ते, आपण अजून विचार करू शकतो आणि तो विचार घरास उपयोगी पडतो, याची साक्ष. ती यंत्राने काढलेल्या उत्तरातून त्यांस मिळाली नसती. दिसत नाही अशा माणसास पाहण्याजोगे काही द्यावयाचे तर ते मनातच मांडता येईल असे असावे लागते. आणि रकान्यात बसलेली चार अक्षरे मनात मांडता येतात.

ज्या घरांत वृद्ध मंडळी आहेत, आणि बहुतेक घरांत ती आहेतच, तेथे रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटे हा प्रयोग करून पाहावा अशी आमची सूचना आहे. कोडे लहान असावे, तोंडी सांगावे, आणि उत्तराची घाई करू नये. मुलांस उत्तरापेक्षा 'कशावरून?' हे आधी विचारावे. वडील मंडळींस पाढे येतात. आमच्या घरात अण्णांस अर्ध्याहून अधिक मदत त्यांचीच होते.

आरंभासाठी एक देतो. 'एक' अधिक 'एक' बरोबर 'दोन'; 'दोन' अधिक 'दोन' बरोबर 'चार'; 'चार' अधिक 'चार' बरोबर 'आठ'. नियम वरीलच. हे कोडे सुटत नाही, हे आम्ही आधीच सांगून ठेवितो. का सुटत नाही, ते तीनच पाढे म्हणून सिद्ध करता येते. ते घरातील सर्वांत लहान आणि सर्वांत वडील अशा दोघांनी मिळून करावे.